डिस्क येईपर्यंत ॲरे थांबवा

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत आहे. लिनक्स बूट होताना सॉफ्टवेअर रेडचे ॲरे, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेले संच, आपोआप जुळतात, ते नको तेव्हा जुळतात, आणि हा प्रकार आवरायचा कुठून ते सापडत नाही. म्हणून यावेळचा सगळा सल्ला याच एका विषयावर. आज्ञा, फाइलींची नावं आणि लॉगमधले संदेश उच्चाराप्रमाणे छापले आहेत, मशीनवर मात्र नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा.

ताई, नमस्कार. सांगलीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो-व्हिडिओ ठेवायला डेबियन टाकलेला पीसी आहे. सिस्टम आतल्या दोन एसएसडींवर रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत, आहे. कामाचा डेटा बाहेरच्या यूएसबी बॉक्समधल्या दोन हार्ड डिस्कवर, तोही रेड १. आमचे एडिटर नेटवर्कवरून, साम्बाच्या शेअरमधून, त्यातच काम करतात. लाइट गेली की यूपीएस थोडा वेळ धरतो, मग सगळं बंद. लाइट आली की पीसी आपोआप सुरू होतो, पण डेटाचा ॲरे बऱ्याचदा एकाच डिस्कवर चालू झालेला असतो. एकदोनदा तर स्क्रीनवर इमर्जन्सी मोड येऊन मशीन अडकलं. बंद करून पुन्हा चालू केलं की बूट नीट होतं. डिस्क बदलायच्या का? बूटचा लॉग सोबत पाठवतोय.

डिस्क बदलू नका. तुमच्या लॉगमध्ये दोन्ही डिस्क ठणठणीत दिसतात. पीसी आणि बॉक्स एकाच वेळी जागे होत नाहीत, एवढीच अडचण आहे.

लॉगमधल्या तीन ओळी बघा. नवव्या सेकंदाला बॉक्समधली पहिली डिस्क कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिसली. एकोणचाळिसाव्या सेकंदाला कर्नल लिहितो, ‘एमडी/रेड१:एमडी१२७: ॲक्टिव्ह विथ १ आउट ऑफ २ मिरर्स’. दुसरी डिस्क उगवली बावन्नाव्या सेकंदाला. त्यानंतर /प्रॉक/एमडीस्टॅटमध्ये त्या ॲरेपुढे [२/१] आणि [यू_] असं दिसतं. म्हणजे दोन जागांपैकी एक भरलेली आणि दुसरी रिकामी.

नऊ आणि एकोणचाळीस यांतलं अंतर बरोबर तीस सेकंदांचं आहे, आणि ते योगायोगानं आलेलं नाही. डिस्क दिसली की नव्या उपकरणांची दखल घेणारं युडेव्ह तिच्यावरचा रेडचा शिक्का वाचतं आणि रेड सांभाळणाऱ्या एमडीॲडमला ‘इन्क्रिमेंटल’, म्हणजे एकेक डिस्क जोडण्याच्या, पद्धतीनं हाक मारतं. एमडीॲडम ती डिस्क तिच्या ॲरेत ठेवून बाकीच्यांची वाट बघतं. सगळ्या आल्या की ॲरे लगेच सुरू होतो. एक कमी असेल पण तेवढ्यावर चालण्यासारखं असेल, तर बूटची सगळी कामं क्रमानं सुरू करणाऱ्या सिस्टमडीचा ‘एमडीॲडम-लास्ट-रिसॉर्ट’ नावाचा टायमर लागतो. तो तीस सेकंदांचा असतो. वेळ संपली की आहे त्या डिस्कवर ॲरे सुरू केला जातो. एक डिस्क खरोखर मेलेली असताना सर्व्हर निदान उठावा म्हणून ही सोय आहे, आणि सिस्टमच्या ॲरेसाठी ती योग्यच आहे. तुमच्या बॉक्ससाठी मात्र ती घातक आहे.

उशिरा आलेली डिस्क चालू ॲरेत आपोआप परत घेतली जात नाही, ती बाहेरच राहते. त्या दिवशीचं सगळं काम एकाच डिस्कवर लिहिलं जातं. पुढच्या वेळी लाइट आल्यावर बॉक्सनं दुसरीच डिस्क आधी दाखवली, तर कालचं काम नसलेल्या त्या जुन्या प्रतीवर ॲरे सुरू होतो आणि तीवरही नवं लिखाण पडतं. आता दोन्ही डिस्कवर वेगवेगळा इतिहास आहे आणि प्रत्येकीच्या नोंदीत दुसरी नापास आहे. असं झालं की एमडीॲडम एक डिस्क बाजूला ठेवतं आणि संदेश येतो, ‘इग्नोअरिंग अमुक ॲज इट रिपोर्ट्स तमुक ॲज फेल्ड’. तुमच्या लॉगमध्ये ही ओळ अजून आलेली नाही. ती येण्याआधी हे मार्गी लावू, कारण एखाद्याच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

आज पहिलं काम म्हणजे बाहेर राहिलेली डिस्क परत घेणं. कुठली डिस्क ताजी आहे हे एमडीॲडमच्या ‘एक्झॅमिन’नं कळतं. दोन्ही डिस्कवरचे ‘इव्हेंट्स’ आणि ‘अपडेट टाइम’ ताडून पाहा. आकडा मोठा आणि वेळ अलीकडची असलेलीच डिस्क सध्या चालू आहे याची खात्री झाली, की दुसरी ‘री-ॲड’ करा. शंभर जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर ॲरे बनवताना एमडीॲडम राइट-इंटेंट बिटमॅप, म्हणजे कुठले भाग बदलले याची नोंद, स्वतःच ठेवतं किंवा ठेवू का ते विचारतं. तुमच्याकडे तो आहे, त्यामुळे फक्त बदललेले भाग कॉपी होतील. ते पूर्ण होईपर्यंत बॉक्सला हात लावू नका.

आता मूळ दुखणं. माझा नियम सरळ आहे: बूटच्या सुरुवातीला फक्त सिस्टमचा ॲरे जुळावा, डेटाचा ॲरे मी सांगेन तेव्हा. /इटीसी/एमडीॲडम/एमडीॲडम.कॉन्फ उघडा. सिस्टमच्या ॲरेची ओळ जशी आहे तशी राहू द्या. डेटाच्या ॲरेची ओळ अशी करा:

ॲरे <इग्नोर> यूयूआयडी=(तुमच्या ॲरेचा क्रमांक)

कोनी कंसांसकट लिहायचं. नावाच्या जागी हा शब्द असला की त्या यूयूआयडीचा ॲरे आपोआप कधीच जुळवला जात नाही. क्रमांक ‘एमडीॲडम --डिटेल’ दाखवतं. ओळ नुसती पुसून टाकणं पुरेसं नाही. फाइलीत उल्लेख नसलेले ॲरेही एमडीॲडम जुळवतंच, फक्त त्यांना १२७ पासून खाली उतरणारे नंबर मिळतात. तुमचा ॲरे एमडी१२७ नावानं उठतो तो त्यामुळेच. त्याची ओळ फाइलीत कधी लिहिलेलीच नसावी. तसं असेल तर वरची ओळ नवी घाला.

यानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग ‘फाइल बदलली तरी फरक नाही’ अशी पत्रं येतात. बूटच्या पहिल्या काही सेकंदांत तुमची खरी डिस्क अजून माउंट झालेली (वापरासाठी जोडलेली) नसते. तेव्हा एमडीॲडम जी कॉन्फ फाइल वाचतं ती इनिटरॅमएफएस या बूटपुरत्या छोट्या इमेजच्या आत ठेवलेली प्रत असते, आणि ती तुम्ही सांगेपर्यंत जुनीच राहते. खात्री करायची तर ‘अनएमकेइनिटरॅमएफएस’नं इमेज एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये सोडवा आणि आतली कॉन्फ फाइल उघडून वाचा. मी प्रत्येक बदलानंतर हे करते.

मग ॲरे जुळवणारी स्वतःची सर्व्हिस लिहा. प्रकार ‘वनशॉट’, ‘रिमेनआफ्टरएक्झिट’ला यस, आणि ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये ‘एमडीॲडम --असेंबल /डेव्ह/एमडी/फोटो --यूयूआयडी=’ आणि पुढे तोच क्रमांक. इथं ‘स्कॅन’ किंवा ‘रन’ घालू नका. या दोन्हींशिवाय असेंबल केलं आणि मागच्या वेळी होत्या तेवढ्या डिस्क सापडल्या नाहीत, तर एमडीॲडम ॲरे जुळवून ठेवतं पण सुरू करत नाही. तुम्हाला नेमकं हेच हवं आहे.

सर्व्हिसनं दोन्ही डिस्कची वाट बघावी यासाठी ‘रिक्वायर्स’ आणि ‘आफ्टर’ या दोन्ही ओळींत दोन्ही पार्टिशनची डिव्हाइस युनिटं लिहा. त्यांची नावं /डेव्ह/डिस्क/बाय-पार्टयूयूआयडी मधून घ्या. बाय-आयडी मधली घेऊ नका, कारण काही यूएसबी बॉक्स आतल्या दोन्ही डिस्कचा एकच सिरियल नंबर सांगतात. पाथचं युनिटच्या नावात रूपांतर ‘सिस्टमडी-एस्केप’ करून देतं, त्याला ‘-पी’ आणि ‘--सफिक्स=डिव्हाइस’ द्या. सिस्टमडी एका डिव्हाइससाठी नेहमी दीड मिनिट थांबतं, आणि तुमची दुसरी डिस्क बावन्न सेकंदांत येते. पुरेशी जागा आहे.

इमर्जन्सी मोडही या दीड मिनिटाचाच. एफएसटॅब या माउंटच्या यादीत साधी ओळ असेल आणि तेवढ्या वेळात ते डिव्हाइस आलं नाही, तर सिस्टमडी अख्खं बूट थांबवून रूटचा पासवर्ड मागतं. डेटाच्या ओळीत ‘नोऑटो’, ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.रिक्वायर्स=’ पुढे तुमच्या सर्व्हिसचं नाव, असे तीन पर्याय घाला. नोऑटो आहे म्हणून नोफेल सोडू नका. नोफेल नसेल तर माउंट लोकल-एफएस या बूटच्या टप्प्याच्या आधी व्हायला हवा, आणि साधी सर्व्हिस मात्र लोकल-एफएसनंतरच सुरू होते. क्रमाचा असा फेरा तयार झाला की सिस्टमडी त्यातलं एखादं काम स्वतःच्या मर्जीनं वगळतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. तुमचे एडिटर साम्बावरून या फोल्डरमध्ये काम करतात. डेटा माउंट झालेला नसताना साम्बा सुरू झालं, तर त्यांना फोल्डर रिकामं दिसेल. तरीही ते त्यात फाइली टाकतील आणि त्या सगळ्या सिस्टमच्या एसएसडीवर जातील. नंतर डेटा माउंट झाला की त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातील. ‘कालचं शूट गायब झालं’ म्हणून घाबरलेले फोन मला येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी शूट तिथंच, माउंटच्या खाली पडलेलं असतं. म्हणून ‘सिस्टमसीटीएल एडिट एसएमबीडी’ करून युनिट विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’ आणि डेटाचा पाथ लिहा. नोऑटो असलेला माउंटसुद्धा या ओळीमुळे ओढला जातो, त्यामागून तुमची सर्व्हिस, आणि तिच्यामागून डिस्कची वाट बघणं. माउंट झाला नाही तर साम्बा उठणारच नाही. एडिटर लगेच तुमच्याकडे तक्रार घेऊन येतील, आणि ते चांगलंच आहे. शिवाय डेटा माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर एकदा ‘सीएचॲटर +आय’ करून ठेवा, मग चुकूनही त्यात काही लिहिलं जाणार नाही.

बॉक्सचा अडॅप्टर पीसीच्याच यूपीएसवर आहे ना, तेही बघा. पत्रात त्याचा उल्लेख नाही. तो भिंतीतल्या साध्या बोर्डवर असेल तर लाइट जाताक्षणी दोन्ही डिस्क चालू ॲरेखालून निघून जातात, आणि ते वरच्या कुठल्याही सेटिंगनं सावरत नाही.

मॅडम, मी छत्रपती संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात लॅब असिस्टंट आहे. विद्यार्थ्यांनी रेड हातानं जुळवायला शिकावं म्हणून फेडोराच्या मशीनवर ऑटोमॅटिक असेंब्ली बंद करायची आहे. ग्रब या बूटलोडरमध्ये ‘रेड=नोऑटोडिटेक्ट’ टाकलं. तरी बूट झाल्यावर ॲरे तयारच असतात. हा पर्याय आता काढून टाकला आहे का?

काढलेला नाही, पण तो ज्या यंत्रणेला थांबवतो ती तुमच्या मशीनवर मुळात चालतच नाही.

पूर्वी कर्नल स्वतः ॲरे जुळवायचा. त्यासाठी पार्टिशनचा प्रकार ‘एफडी’ असावा लागे आणि मेटाडेटा (डिस्कवर लिहिलेली रेडची माहिती) ०.९० या जुन्या पद्धतीचा. त्या पद्धतीत एका ॲरेत २८ पेक्षा जास्त डिस्क बसत नसत. ‘रेड=नोऑटोडिटेक्ट’ कर्नलमधला तेवढाच भाग बंद करतो. नील ब्राउन यांनी २००१ मध्ये एमडीॲडम लिहिलं आणि पुढे जुळवण्याचं काम हळूहळू कर्नलबाहेर आलं. आज एमडीॲडम ॲरे बनवतं तो १.२ मेटाडेटाचा. त्याचा सुपरब्लॉक, म्हणजे रेडचा शिक्का, डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबी आत असतो आणि कर्नलचं जुनं ऑटोडिटेक्ट त्याच्याकडे बघतही नाही. तुमचे ॲरे युडेव्हचा नियम आणि एमडीॲडम मिळून जुळवतात.

फेडोरात हे दोनदा होऊ शकतं. पहिल्यांदा ड्रॅकट या साधनानं बनवलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये, दुसऱ्यांदा खरी रूट फाइलसिस्टम आल्यावर. तिथं युडेव्ह सगळ्या डिस्क पुन्हा तपासतं. कर्नलच्या ओळीत ‘आरडी.एमडी=०’ टाकलं की पहिला टप्पा थांबतो, पण दुसरा चालूच राहतो. इथं बरेच जण ‘आरडी.एमडी चालत नाही’ असा निष्कर्ष काढतात, तो चुकीचा आहे. दुसऱ्या टप्प्यासाठी /इटीसी/एमडीॲडम.कॉन्फ मध्ये ‘ऑटो -ऑल’ ही ओळ हवी. ज्यांच्या स्वतंत्र ॲरे-ओळी नाहीत, असे कुठलेही ॲरे मग आपोआप जुळत नाहीत. ओळ असलेले मात्र जुळतात, तेव्हा सरावाच्या ॲरेंच्या ओळी त्या फाइलीत ठेवू नका.

मशीनची रूट रेडवर असेल तर ‘आरडी.एमडी=०’ अजिबात टाकू नका, बूटच होणार नाही. त्याऐवजी ‘आरडी.एमडी.यूयूआयडी=’ पुढे रूटच्या ॲरेचा क्रमांक द्या, ड्रॅकट तेवढाच ॲरे उचलेल. कॉन्फमध्येही त्या एका ॲरेची ओळ ठेवा. शेवटी ‘ड्रॅकट -एफ’.

विद्यार्थ्यांना आधी एक डिस्क काढून ‘एमडीॲडम --इन्क्रिमेंटल’ हातानं चालवायला लावा आणि प्रत्येक डिस्कनंतर एमडीस्टॅट बघायला सांगा. बूटच्या वेळी काय घडतं ते त्यांना डोळ्यांसमोर दिसेल.

नमस्कार. नागपुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ग्राहक बंद पडलेल्या नॅसच्या (नेटवर्कवरच्या स्टोरेज बॉक्सच्या) डिस्क घेऊन येतात. माझ्या उबंटू मशीनला लावल्या की लगेच एमडी१२७, एमडी१२६ तयार होतात. डेटा काढायच्या आधी डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये असं वाटतं. काय करू?

योग्य काळजी घेताय. दुसऱ्याच्या डिस्कवर आपल्या मशीननं न विचारता काही करू नये, या बाबतीत मी फार कडक आहे.

कामाच्या मशीनवर ‘ऑटो -ऑल’ कायमचं लावा आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. तुमची स्वतःची रूट रेडवर असेल तर तिची ॲरे-ओळ आधी आहे ना बघा. त्याच्या जोडीला कर्नलच्या ओळीत ‘एमडी_मॉड.स्टार्ट_आरओ=१’ टाका. त्यामुळे कुठलाही ॲरे सुरू झाला तरी तो ‘ऑटो-रीड-ओन्ली’ अवस्थेत राहतो. सुपरब्लॉक बदलत नाही, रिसिंक, म्हणजे डिस्क एकमेकींशी पुन्हा जुळवणं, तेही सुरू होत नाही. मात्र ही अवस्था पहिलं लिखाण येईपर्यंतच टिकते, आणि ते कुठून येईल याचा भरवसा नसतो. ईएक्सटी४ फाइलसिस्टम तुम्ही ‘आरओ’ (फक्त वाचण्यासाठी) म्हणून माउंट केली तरी जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट असेल तर ती आधी जर्नल पूर्ण करते, म्हणजे लिहिते.

म्हणून क्रम असा ठेवा. डिस्क लावल्याबरोबर प्रत्येकीवर ‘ब्लॉकडेव्ह --सेटआरओ’. मग शक्य असेल तर पूर्ण प्रत काढा आणि मूळ डिस्क पाकिटात परत. प्रतीवरून ‘असेंबल’ करताना ‘--रीडओन्ली’ द्या. माउंट करताना ईएक्सटी४ ला ‘आरओ,नोलोड’ आणि एक्सएफएसला ‘आरओ,नोरिकव्हरी’. ॲरे जुळत नसेल तर ‘--क्रिएट’ मारून बघण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी आहे. ग्राहकाच्या मूळ डिस्कवर तो कधीही वापरू नका. डिस्कचा क्रम, चंकचा आकार किंवा डेटाचा ऑफसेट यांतलं एक जरी चुकलं तर नवा सुपरब्लॉक जुन्या खुणा पुसून टाकतो.

पुण्याहून लिहितोय. केव्हीएमचा होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर) आहे, गेस्टना, म्हणजे त्यावरच्या व्हर्च्युअल मशीनना, एलव्हीएमचे व्हॉल्यूम (डिस्कचे पाडलेले भाग) दिलेत. एका गेस्टनं दोन व्हॉल्यूम जोडून आत रेड १ केला. होस्ट रीबूट झाल्यावर तोच ॲरे होस्टच्या एमडीस्टॅटमध्ये दिसतो. धोका आहे का?

मोठा धोका आहे. गेस्टनं पार्टिशन न करता अख्खा व्हॉल्यूम रेडला दिला की सुपरब्लॉक होस्टच्या युडेव्हलाही दिसतो आणि होस्ट तो आपलाच समजून जुळवतो. मग होस्ट आणि गेस्ट, दोघंही एकाच ॲरेचे मालक होतात. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो आणि दोघंही सुपरब्लॉक लिहितात. अख्खी डिस्क गेस्टला पासथ्रू केली (थेट सोपवली) असेल तर पार्टिशनमधल्या ॲरेचंही हेच होतं.

होस्टवर स्वतःच्या ॲरेंच्या ओळी आणि ‘ऑटो -ऑल’, मग इनिटरॅमएफएस नवा. हे आजच करा. सध्या जुळलेला ॲरे होस्टवर माउंट झालेला नाही ना, ते आधी बघा. त्यावरचा व्हॉल्यूम ग्रुप होस्टच्या एलव्हीएमनं उचलला असेल तर तो निष्क्रिय करा. गेस्ट चालू असेल तर तो आतून व्यवस्थित बंद करा, मग होस्टवर ‘एमडीॲडम --स्टॉप’. गेस्ट पुन्हा सुरू केल्यावर आत /सिस/ब्लॉक/ खाली त्या ॲरेच्या एमडी फोल्डरमधल्या ‘सिंक_ॲक्शन’ या फाइलीत ‘चेक’ लिहा, आणि तो संपल्यावर शेजारच्या ‘मिसमॅच_सीएनटी’मधला आकडा मला कळवा.